चेनकव्हरला हात लावू नका

मी वीज खात्यात मीटर वाचायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण बारामतीतली निम्मी माणसं मला सायकलवाला समजत आणि मी त्यांना खुशाल समजू देत असे. पगार मीटरचा होता, जीव सायकलीत होता आणि बोलणी दोन्हीकडून बसत.

पण मीटर नसते तर सायकली सापडल्या नसत्या. पाहुण्याला सोप्यात बसवतात, चहा देतात आणि आतलं काही दिसू देत नाहीत. मीटरवाल्याला थेट आत नेतात. मीटर नेहमी घरातल्या सगळ्यात अडचणीच्या जागी असतो. गोठ्याच्या भिंतीवर, पोत्यांच्या थप्पीमागे, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यावर. घरातली जुनी सायकलही तिथेच असते. नव्वद सालानंतर घरोघर मोपेड आल्या, मोटारसायकली आल्या आणि आजोबांच्या विलायती सायकली आढ्याला टांगल्या गेल्या. मी स्टुलावर चढायचो, एका डोळ्याने आकडा वाचायचो आणि दुसऱ्याने वर लटकलेलं चाक. एकदा तर रीडिंगच्या रकान्यात ‘अठ्ठावीस इंची’ असं लिहून आलो. साहेबांनी विचारलं, “बापू, हे युनिट कुठलं?”

ज्यांना ही हौस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनी सायकल उभी करायची म्हणजे पंक्चर काढून हवा भरायची नव्हे. आधी ती पूर्ण सोडवायची, बेअरिंगच्या शेवटच्या छऱ्यापर्यंत. मग रंगाचे थर उतरवायचे. आपल्याकडे दर दिवाळीला घराबरोबर सायकललाही उरलेला रंग देण्याची पद्धत, त्यामुळे दाराचा हिरवा, खिडकीचा निळा, बैलगाडीचा लाल असे पाच-सहा थर सहज निघतात. खाली पत्रा खड्डा-खड्डा झालेला असतो. त्या खड्ड्यांत लांबी भरायची. लांबी म्हणजे रंगाऱ्याचं ते घट्ट लुकण. ते वाळलं की पाण्याचा पॉलिश पेपर मारून आरशासारखं सपाट करायचं, वर काळा रंग आणि त्यावर श्वास रोखून सोनेरी रेघ. रेघ ओढताना शिंक आली की आठवडा फुकट.

काही लोकांना सायकल जुन्यासारखी नको असते, स्वतःच्या मनासारखी हवी असते. इंदापूरच्या एका हौशी गृहस्थांनी सायकलला मोटारसायकलची टाकी बसवून मागितली.

“आत काय भरायचं?” मी विचारलं.

“काय न्हाय. पण दिसली पायजे.”

दिली बसवून. पुढे ते तिच्यात शेंगा ठेवत आणि वाटेत भेटेल त्याला झाकण उघडून मूठभर देत. ती टाकी जन्मात कधी पेट्रोलने भरली नसती, पण रिकामीही राहिली नाही.

अशा गिऱ्हाइकांचं मला कधी दडपण आलं नाही. ज्या गिऱ्हाइकाने मला आठ दिवस जेवण गोड लागू दिलं नाही, ते एक शांत, शहाणं, पांढऱ्या साडीतलं माणूस होतं आणि सायकल घेऊन एसटीने आलं होतं.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या साळवे सिस्टर. एसटीच्या टपावरून त्यांनी सायकल उतरवून घेतली, हातात धरून माझ्या घरापर्यंत ढकलत आणली आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मीटरवाले बापू तुम्हीच ना?”

“सायकलवाले बापू,” मी दुरुस्ती केली.

सायकल त्यांच्या वडिलांची. साळवे गुरुजी निरवांगीला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आता पंचाहत्तरीला आले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकायचा होता. जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार ठरवला होता आणि विद्यार्थ्यांचं एकच म्हणणं होतं, गुरुजींच्या शेजारी गुरुजींची सायकल पाहिजे.

मी सायकलभोवती एक फेरी मारली आणि मग पुन्हा एक उलटी मारली. दुसऱ्या महायुद्धाआधीची विलायती सायकल! काळ्याकुट्ट तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली फ्रेमची चाल दिसत होती. घोड्याची दिसते तशी.

“चार आठवड्यांत होईल?”

“सिस्टर, चार आठवड्यांनी तुम्हाला ही ओळखू येणार नाही.”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

“आणि एक. अण्णांनी बजावून सांगितलंय, चेनकव्हरला हात लावायचा नाही. आहे तसं राहू द्या.”

“का?”

“ते कारण सांगत नाहीत. इतकी वर्षं शिकवल्यावर माणूस नुसत्या सूचना देतो.”

मी मान हलवली. ती मान नंतर मला फार महागात पडली.

पहिले दोन आठवडे मी शब्द पाळला. फ्रेमचा रंग उतरवला, चाकाचा आउट म्हणजे वाकडी चाल काढली, ब्रेकच्या दांड्या चकचकीत केल्या. सगळी सायकल उजळत चालली आणि मधोमध ते चेनकव्हर! चेन झाकणारा तो लांबट पत्र्याचा डबा, वर तेलाची खरपुडी, खाली चिखलाने कुजलेली कड. मी ऑफिसात बसलो तरी ते डोळ्यांसमोर यायचं. मनात म्हणालो, म्हाताऱ्याला वाटत असेल की मी नवीन स्वस्तातलं चेनकव्हर बसवीन आणि जुनं भंगारात देईन, म्हणून बजावलं असेल. त्याला काय माहीत आपण कोण आहोत! नुसतं साफ करू. साफ करणं म्हणजे काय हात लावणं नव्हे.

साफ केलं. तेल निघालं, रंगाचा एक थर निघाला आणि खाली बारीक बारीक खड्डे दिसले, निम्मे बुजलेले. गंज लागलेल्या पत्र्याला असे खड्डे पडतातच. मी आपल्या मंडळींना हाक मारली. “मंगल, ये बघ. मास्तरची सायकल ती. गंजसुद्धा ओळीत आलाय!”

ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “गंज कधी ओळीत येतो का?”

“मास्तरच्या धाकाने येतो,” मी म्हणालो आणि स्वतःच्याच विनोदाला हसलो. ती हसली नाही.

खड्ड्यांत लांबी भरली. घासून सपाट केलं. खालची कुजलेली कड लांबी भरण्याआधीच कातरीने कापून काढली होती, तिथे नवा पत्रा जोडला आणि काळा रंग मारला. दोन बोटं रुंदीचा तो कापलेला जुना तुकडा वरच्या अंगाने अजून धड होता, तो मी पत्र्यांच्या डब्यात टाकला. जुना विलायती पत्रा कुणी फेकत नाही.

सत्काराला आठ दिवस उरले असताना सिस्टर आल्या. सायकल मी चादरीखाली झाकून ठेवली होती. नाटकात पडदा उघडतात तशी ती चादर ओढायची असा माझा बेत होता. मी चादरीच्या टोकाला हात घातला आणि त्या म्हणाल्या, “थांबा. आधी एक सांगते. अण्णांनी शेवटी कारण सांगितलं.”

चादरीचं टोक माझ्या हातात राहिलं.

गुरुजींच्या काळी सातवीच्या परीक्षेचं केंद्र इंदापूरला असायचं आणि निरवांगीहून गाडीची सोय नव्हती. जे पोर परीक्षेला बसायचं, त्याला गुरुजी स्वतः सायकलच्या कॅरियरवर बसवून केंद्रावर न्यायचे. बौद्धवाड्यातली पोरं, मेंढपाळांच्या वस्तीवरची पोरं, ज्यांच्या घरी सायकल नव्हती अशी सगळी. निकाल लागला की पास झालेल्या पोराला एक बक्षीस मिळायचं. गुरुजी चेनकव्हर काढून बाकावर ठेवायचे, खिळा आणि दगड हातात द्यायचे आणि त्या पोराने आपलं नाव आपल्या हाताने पत्र्यावर घालायचं. आपण लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतो तसं, ठिपक्या-ठिपक्यांनी.

“एकोणीस नावं आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “मी तेव्हा बारामतीला मामांकडे शिकत होते, म्हणून मला माहीत नव्हतं. नंतर वर रंग बसला, तेल बसलं. पण अण्णा म्हणतात, बोट फिरवलं की लागतात.”

माझ्या कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. गंजसुद्धा ओळीत आलाय!

“आणि गंमत सांगू का? शेवटचं नाव एका मुलीचं आहे. शेवंता. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या घरातली. परीक्षेच्या दिवशी त्यांची मेंढरं कुठल्या रानात बसली होती, ते शोधून अण्णा तिथून तिला घेऊन गेले. पुढल्या वर्षी एसटी सुरू झाली, त्यामुळे तिच्यानंतर कुणाचं नाव नाही. आता ती मोरगावला असते. गुडघ्यांसाठी माझ्याकडे येते. तिचा पास झाल्याचा दाखला मेंढीने खाल्ला.”

“मेंढीने?”

“खरंच. सूनबाई बारावी झालीय. घरात कागदावर सही करायची वेळ आली की सून म्हणते, आत्या, तुम्ही अंगठाच द्या. ही म्हणते, मी सातवी पास आहे. सून म्हणते, दाखवा. म्हणून ती सुनेला घेऊन येणार आहे, सायकलवरचं नाव दाखवायला. आठ दिवस झाले, तेवढंच बोलते. बरं, काढा चादर.”

“रंग ओला आहे,” मी म्हणालो.

“चेनकव्हर तसंच आहे ना?”

“तसंच.”

आयुष्यात मी खोटं बरंच बोललो आहे. मीटरवाल्याला बोलावं लागतं. पण इतकं लहान आणि इतकं जड खोटं तेवढंच.

त्या गेल्या. मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता वादळ. पण ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “अहो, रंग वाळला का?”

मग माझी जी धावपळ सुरू झाली ती आठवली की आजही तळहाताला घाम येतो. रंग उतरवायच्या औषधाने वरचा रंग निघाला, पण लांबी निघेना. मीच भरलेली ना! चांगली भरली होती. मी सुई घेतली. सुई पत्र्यावरून सटकली आणि जिथे काही नव्हतं तिथे नवा ओरखडा उमटला. पितळी ब्रश घेतला, तो नुसता वरून फिरला. लोखंडाने जोर करावा तर ठिपका मोठा होतो, न करावा तर लांबी हलत नाही. मी डोकं धरून बसलो.

मंगल बाहेर गेली आणि परत आली ती मूठभर बाभळीचे काटे घेऊन. या काट्यांनी माझ्या आयुष्यातली निम्मी पंक्चरं केली आहेत. मी ओरडलो, “ते कशाला आणलंस माझ्या टायरांजवळ?”

“पायात मोडलेला काटा कशाने काढतो आपण?” तिने खाली बसकण मारली, एक काटा घेतला, ठिपक्यात टोचला आणि फिरवला. लांबीचा बारीक भुगा बाहेर आला. पत्र्याला चरा नाही. काट्याचं टोक मोडलं, तिने दुसरा घेतला.

“गंज ओळीत आलाय म्हणे,” ती पुटपुटली. एवढंच. पण नंतरचे तीन दिवस, दर चार-पाच ठिपक्यांनी एकदा.

ऑफिस सुटलं की मी धावत घरी. दोघं समोरासमोर बसायचो, मधे चेनकव्हर, जेवणाच्या ताटासारखं. आधी एक ‘मा’ आला, मग ‘रु’, मग ‘ती’. मंगल आनंदाने ओरडली, “मारुती आला!” पुढे दगडू आला, रंगनाथ आला, भीमराव आला. काहींचे ठिपके एकदम खोल, घाव घालून मारलेले. काहींचे भीत भीत. एकाने नावापुढे मोठा ठळक पूर्णविराम ठोकला होता, गुरुजींनीच शिकवला असणार. मी पोरांना कॅरियरवरून एकेक करून उतरवून घेतोय असं मला वाटायला लागलं.

अठरा झाली. एकोणिसावं काही येईना. मी सगळ्या पत्र्यावर बोट फिरवलं, उजेडात तिरपं धरून बघितलं. शेवंता नव्हती.

“पोरांनी वरची सगळी जागा घेतलेली,” मंगल म्हणाली. “शेवटी आलेली पोरगी नाव घालणार कुठं? खालच्या कडेला.”

खालच्या कडेला. म्हणजे मी कापून काढलेल्या कडेला.

मी पत्र्यांचा डबा जमिनीवर ओतला. तुकडा नाही. आणि मग मला दत्तूभाऊ आठवले.

दत्तूभाऊ हे लोणी भापकरचे दूधवाले. गावात मोटारसायकली आल्या तरी हा गडी सायकलीवर कॅन लावूनच फिरायचा. त्यांची गादी सारखी खाली बसायची. गादीची दांडी नळीत सैल झाली की आमच्याकडे एक साधा उपाय असतो. पत्र्याची पट्टी कापून दांडीभोवती गुंडाळायची आणि दांडी परत नळीत ठोकायची. मी गेल्याच आठवड्यात ते काम केलं होतं. चांगल्या, जुन्या, विलायती पत्र्याची पट्टी कापून! म्हणजे शेवंताच्या नावावर बसून दत्तूभाऊ रोज दूध घालत होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लोणी भापकर गाठलं. घरी दत्तूभाऊंची आई.

“दत्तू? त्यो मोरगावला ग्येलाय. आज चतुर्थी न्हाय का.”

मी तिथूनच मोरगावला. देवळाबाहेर ही गर्दी, नारळवाले, पेढेवाले आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलींची रांग. दत्तूभाऊंची सायकल मी लांबून ओळखली. ते दर्शनाच्या रांगेत असणार. रांग कधी सरायची कोण जाणे. माझ्या खिशात पाना होता. मी स्वतःला सांगितलं, नुसता बोल्ट सैल करून बघू, पट्टी आहे का तेवढं. गादी उपसून हातात आली आणि माझ्या खांद्यावर एक जड हात पडला.

“काय चाललंय?”

“गादी... बघतोय.”

“गादीचोर सापडला रं!”

बघता बघता वीस माणसं. मी वीज खात्याचा माणूस आहे असं सांगितलं, त्याने प्रकरण आणखी बिघडलं. एकाने विचारलं, “लाईट तोडायच्या ऐवजी आता गाद्या तोडायला लागला व्हय?” दुसरा म्हणाला, “परवा माझ्या घरचा मीटर बघताना हा आढ्याकडंच बघत हुता!” हे खरं होतं.

एवढ्यात कपाळाला गुलाल लावलेले दत्तूभाऊ गर्दी सारत आले. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या गादीकडे बघितलं.

“बापू, तुमी? आवो, चोरायची तर सायकल न्यायची. नुस्ती गादी काय नेताय?”

मी त्यांना तिथेच, वीस माणसांच्या देखत, सगळं सांगितलं. इतका वेळ मला चोर म्हणणारी माणसं ऐकता ऐकता जवळ सरकली. दत्तूभाऊंनी स्वतः दांडी उलटी करून पट्टी सोडवली, बोटाने चाचपली.

“ह्यात नाव हाय?”

“हाय.”

“आन मी बसत हुतो त्यावर?” त्यांनी पट्टी कपाळाला लावली. मग लगेच व्यवहारावर आले. “पर माझी गादी बसंल खाली. सांजच्याला दूध हाय.”

पेढेवाल्याने तेलाचा रिकामा डबा दिला. मी तिथेच बसून त्याची पट्टी कापली, गुंडाळली, दांडी ठोकली. गर्दीने दोन-तीन सूचनाही केल्या. ज्याने मला धरलं होतं, त्याने जाताना विचारलं, “आमच्या आज्याची बी एक सायकल हाय वर टांगलेली. बघता का?”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

घरी येऊन पट्टी लाकडावर ठेवून हलक्या हाताने सरळ केली. लांबी नव्हती, रंग नव्हता, कापली तशीच वापरली होती, म्हणून ठिपके शाबूत होते. शे. वं. आणि तिथे कातर लागलेली. ‘ता’ नव्हता. दांडीच्या मापाला जास्त झाला म्हणून मी कापून टाकला होता आणि तो आठवड्यापूर्वीच केराबरोबर गेला होता.

मी तो तुकडा चेनकव्हरच्या खालच्या कडेला, त्याच्या जागी, दोन रिबिटांनी बसवला. पुढे ‘ता’ची जागा मोकळी राहिली. सगळ्यावर काळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, ठिपके बुजणार नाहीत इतका. मंगल म्हणाली, “सिस्टरांना सांगा.”

“सांगतो.”

सांगितलं नाही. सिस्टर सायकल न्यायला आल्या, बघून त्यांचे डोळे भरले, त्या म्हणाल्या, “चेनकव्हर नवंच दिसतंय हो.” मी म्हणालो, “नावं आहेत.” अठरा आणि दोन अक्षरं, हे पोटातच राहिलं.

सत्काराच्या दिवशी मी निरवांगीच्या शाळेच्या पटांगणात सगळ्यात मागच्या रांगेत बसलो, जिथून पळता येईल अशा जागी. पुढे भाषणं चालली होती. एक जण शेती खात्यात साहेब झाला होता, एकाचे दोन ट्रॅक्टर होते, एक स्वतःच मास्तर झाला होता. दुसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यातली एक ठसठशीत बाई आणि शेजारी नव्या साडीतली पोरसवदा सून. बाई सुनेला कोपराने ढोसून सायकल दाखवत होती. मला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

गुरुजी उठले. भाषण केलं नाही. खुर्ची सायकलजवळ ओढून घेतली, वाकले आणि चेनकव्हरवर बोट ठेवलं.

“मारुती.”

पटांगणातून एक पन्नाशीचा माणूस ताडकन उठला. “हजर, गुरुजी!”

“दगडू.”

“हजर!”

हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक बोट, एकेक माणूस उभा. एका नावाला कुणी बोललं नाही. गुरुजी बोट न उचलता म्हणाले, “रंगनाथ हजर. मी सांगतो ना.” आणि पुढे गेले. लोक डोळे पुसत होते. मी मोजत होतो. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. बोट खालच्या कडेला आलं.

“शेवं...” बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. “शेवं... पुढचं कुठं गेलं?”

ती बाई ‘हजर’ म्हणायला अर्धी उठली होती, ती तशीच राहिली.

मी उभा राहिलो. कसा ते माहीत नाही. “गुरुजी, मी कापलं. सायकल मी केली. सांगूनसुद्धा हात लावला. आणि सिस्टरना खोटं बोललो.”

लोकांनी माना वळवल्या. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं मला त्या देवळाबाहेरच्या वीस माणसांपेक्षा जड गेलं.

“माझंच नाव गावलं व्हय तुला कापाया?” शेवंताबाई कडाडल्या. “अठरा गडी सोडलं आन माझ्यावर कातर? माझी मेली मेंढी बरी, तिनं निदान भुकेपायी खाल्लं हुतं!”

सून खाली बघत हसली. शेवंताबाईंच्या आवाजात मात्र पाणी होतं. “आता हिला काय दावू मी?”

गुरुजी म्हणाले, “पुढं या. दोघीबी. आन तू, सायकलवाल्या, चेनकव्हर सोडव.”

सगळ्या गावासमोर मी स्क्रू काढायला बसलो. स्क्रूड्रायव्हर दोनदा खाचेतून सटकला. चेनकव्हर शाळेच्या बाकावर ठेवलं. गुरुजींनी कुणाला तरी खिळा आणि दगड आणायला पाठवलं.

“गुरुजी, आज ठोकलं तर त्येला काय अर्थ?” शेवंताबाई म्हणाल्या. “आज कुणीबी ठोकंल.”

गुरुजींनी त्यांच्या सुनेचा हात धरला आणि तिचं बोट पत्र्यावर ठेवलं. “वाच.”

“शे... वं...”

“हे कवाचं दिसतंय?”

तिने निरखून बघितलं. शेजारच्या नावावरून बोट फिरवलं, पुन्हा इकडे आणलं. “जुनं हाय, गुरुजी. ह्यांच्यासारखंच.”

“मग आता पुढचं तुझ्या सासूचं पुरं कर. खिळा तू धर.”

सुनेने खिळा धरला. शेवंताबाईंनी पदर खोचला, दगड उचलला आणि दोघींची जी जुंपली!

“आत्या, बोट सांभाळा माझं.”

“तू खिळा हलवू नगंस. सातवी पास बाई हाय मी, माझा नेम चुकत न्हाय.”

“बरं, बरं. हाणा.”

ठक. ठक. ठक. मी सोळा ठिपके मोजले. ‘ता’ थोडा तिरका आला, वर चढलेला. जुने ठिपके काळे आणि नवे चांदीसारखे चकचकीत. सुनेने पूर्ण नावावरून बोट फिरवलं आणि सासूकडे न बघताच मोठ्याने म्हणाली, “हजर म्हणा की, आत्या.”

“हजर!” शेवंताबाई अशा ओरडल्या की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

जेवणाच्या पंगतीत सिस्टर माझ्यासमोरून वाढत गेल्या. मला वाटलं, माझं पान टाळतील. टाळलं नाही, पण थांबल्याही नाहीत. त्या नंतर माझ्याशी पहिल्यासारख्या बोलायला वर्ष लागलं, आणि ते बरोबरच होतं.

निघताना मी गुरुजींच्या पाया पडलो. नाटकी माणूस मी, गप्प बसवेना. म्हणालो, “गुरुजी, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, माझं पण एक नाव घालू का?”

त्यांनी मोतीबिंदूच्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. “तू नापास झालास.”

“मग?”

“पुढल्या वर्षी बस.”

मी बसतो. तेव्हापासून दरवर्षी न चुकता निरवांगीला जातो. गुरुजी गेले, सायकल सिस्टरच्या तिथल्या घरी सोप्यात असते. मी चाकात हवा भरतो, चेनला तेल देतो, सोनेरी रेघेवरची धूळ फुंकतो. चेनकव्हरला हात लावत नाही.